आठ पौंडांत पहिली रांग

मुलांनो, आधी एक कोडं घालते. एक भलंमोठं गोल सभागृह आहे. पाच हजारांवर माणसं मावतील एवढं! जगातले नामवंत गायक-वादक तिथे हजेरी लावतात. ज्यांनी जास्त पैसे मोजले ते तिथे लांब, खुर्च्यांवर बसतात. आणि ज्यांनी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं ते असतात कलाकारांच्या अगदी पुढ्यात. सांगा पाहू, हे सभागृह कोणतं?

"बाई, हे उलटंच की! असं कुठे असतं होय?" असं तुम्ही म्हणाल. पण असं आहे, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललंय. सभागृहाचं नाव रॉयल अल्बर्ट हॉल, गाव लंडन. आणि तिथल्या मैफलींचं नाव प्रॉम्स. आम्ही पाच गाणंवेडे सांगली-मिरजेहून तिथे जाऊन आलो. कसं गेलो, किती खर्च आला आणि काय पाहिलं, तेच आज सांगणार आहे. कारण परदेशी जाऊन गाणं ऐकणं म्हणजे फक्त श्रीमंतांचं काम, असं आपल्याला वाटत असतं. ते थोडं खरं आहे, पण सगळं खरं नाही.

शतपावली करत ऐकायचं गाणं

'प्रॉम' हा 'प्रॉमनेड' या शब्दाचा लाडका छोटा अवतार. प्रॉमनेड म्हणजे फेरफटका. आपण जेवल्यावर शतपावली करतो ना, तसं. जुन्या काळी लंडनच्या बागांमध्ये बँड वाजत असे आणि लोक फिरत फिरत ऐकत. हीच मोकळीक सभागृहात आणायची, असं रॉबर्ट न्यूमन नावाच्या गृहस्थांनी ठरवलं. ते लंडनच्या क्वीन्स हॉलचे व्यवस्थापक होते. वाद्यवृंद चालवायला त्यांनी निवडलं हेन्री वुड या अवघ्या २६ वर्षांच्या तरुणाला. पहिली मैफल झाली १० ऑगस्ट १८९५ रोजी. उभं राहून ऐकायचं तिकीट होतं फक्त एक शिलिंग!

यामागे एक सुंदर विचार होता. थोर संगीत हे फक्त कोट-टोपीवाल्यांनी ऐकायचं नसतं. दुकानातल्या नोकराने, कारकुनाने, विद्यार्थ्यानेही ते ऐकावं. आधी सोप्या, ओळखीच्या चाली ऐकवायच्या, मग हळूहळू अवघड रचनांची गोडी लावायची. अगदी पहिलीच्या वर्गाला शिकवतात तसं! त्या पहिल्या मैफलींना लोकांना खायला-प्यायला, एवढंच काय, धूम्रपान करायलाही मुभा होती. फक्त गाणं चालू असताना काडी ओढू नका, अशी विनंती असे.

१९२७ मध्ये बीबीसीने या मैफलींची जबाबदारी घेतली. पुढे दुसरं महायुद्ध आलं. मे १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून खाक झाला. पण मैफली थांबल्या नाहीत. त्याच वर्षी त्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आल्या आणि तिथेच रुळल्या. आता दरवर्षी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जवळजवळ रोज तिथे संगीत असतं.

आणि उभं राहून ऐकायची चाल? ती आजही तशीच आहे. सभागृहाच्या मधोमध, मंचासमोर, खुर्च्या नसलेली मोकळी जागा असते. तिला म्हणतात अरीना. शिवाय अगदी वर, छताजवळ, गोल गॅलरी असते. या दोन्ही ठिकाणी उभं राहून ऐकायचं तिकीट २०२४ आणि २०२५ च्या हंगामात होतं ८ पौंड. लंडनमध्ये दोघांना साधं जेवायला याहून जास्त पैसे पडतात, बरं का!

आमचं तिथे काय काम?

आता तुम्ही विचाराल, सांगलीच्या माणसांना एवढं लंडन कशाला सुचलं? तर त्याचं कारण आपल्या लतादीदी.

लता मंगेशकरांचं बालपण सांगलीत गेलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मार्च १९७४ मध्ये लतादीदींचा परदेशातला पहिला कार्यक्रम झाला, तो याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. त्यांची ओळख करून द्यायला मंचावर होते दिलीपकुमार. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका पुढे निघाल्या आणि घराघरांत वाजल्या. आमच्या गटातले पेटीवाले काका मिरजेचे. त्यांच्याकडे त्या तबकड्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदी गेल्या. त्या आठवड्यात आम्ही काकांकडे जमलो आणि त्या तबकड्या लावल्या. टाळ्यांचा कडकडाट ऐकून काका म्हणाले, "एकदा ते सभागृह डोळ्यांनी बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील."

"काका, डोळे कशाला मिटताय? आधी पासपोर्ट काढा!" असं म्हणाली माझी भाची. तेव्हा ती सातवीत होती.

हसण्यावारी निघालेली गोष्ट तिथेच पक्की झाली. आम्ही पाच जण: काका, माझी ताई, तिची लेक म्हणजे ही भाची, आमच्या ओळखीचे एक तबलजी सर, आणि मी.

आधी वही, मग विमान

पहिली गोष्ट आणली ती शंभर पानी वही. भाचीला खजिनदार केलं. वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले. एक, कर्ज काढायचं नाही. दोन, प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहायचा. तीन, गेलो तर पाचही जण जाऊ, नाहीतर कुणीच नाही.

मग प्रत्येकाने बँकेत पंधरा महिन्यांची आवर्ती ठेव उघडली. दर महिन्याला माणशी ८,००० रुपये. १५ महिने गुणिले ८,००० म्हणजे किती झाले? बरोबर, १,२०,०००. ही काही छोटी रक्कम नाही, मुलांनो. ताईवर तर दोघींचा भार होता. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी तिने पाडव्याला सोनं घेतलं नाही. सरांनी नवी मोटारसायकल पुढे ढकलली. म्हणून सांगते, स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. स्वस्त म्हणजे काय, तर आपल्याला जे खरंच हवंय त्यासाठीच पैसे खर्च करायचे आणि बाकीच्या गोष्टींना नाही म्हणायचं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये त्या वर्षीचा प्रॉम्सचा कार्यक्रम जाहीर झाला. भाची यादी वाचत होती आणि एकदम ओरडली, "मावशी! अठरावी मैफल बघ!" २८ जुलै २०२३, शुक्रवार. लता मंगेशकरांच्या गाण्यांना वाहिलेली मैफल! गायिका पलक मुच्छल आणि साथीला सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्रा. आम्ही फक्त सभागृह बघायला निघालो होतो आणि आता तिथे आपलीच गाणी होणार होती. तारीख ठरली.

खरी परीक्षा व्हिसाची

भारतीय नागरिकाला इंग्लंडला फिरायला जायचं तर व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, त्याआधी नाही. फी आम्ही गेलो तेव्हा माणशी १०० पौंड होती. ऑक्टोबर २०२३ पासून ती ११५ झाली आणि एप्रिल २०२५ पासून १२७. लहान मुलांनाही तेवढीच फी पडते, अर्धं तिकीट नाही!

अर्जासोबत काय काय द्यायचं? पैसे कुठून आले ते दाखवणारं बँकेचं खातेपत्रक. नोकरीचा दाखला आणि रजेचं पत्र. काकांच्या बाबतीत पेन्शनचं पासबुक. भाची अठराच्या आतली, म्हणून तिच्या जन्माचा दाखला आणि तिच्या बाबांचं संमतिपत्र. अधिकाऱ्यांना एवढंच पटवायचं असतं की ही माणसं स्वतःच्या पैशाने येताहेत आणि वेळेवर घरी परतणार आहेत. सगळे कागद खरे आणि नीट लावलेले हवेत. मग पुण्याच्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो दिले.

इथे एक पेच होता. विमानाचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. पण व्हिसा नाही मिळाला तर ते पैसे बुडतात. म्हणून आधी व्हिसा, मग तिकीट, असं ठरवलं होतं. चौघांचे पासपोर्ट व्हिसासह आले. काकांचा आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिकडे विमानाचं भाडं रोज थोडं थोडं चढत होतं. ६२,००० चे ६३,५०० झाले, मग ६५,०००.

काका म्हणाले, "तुम्ही काढा तिकिटं. माझं आलं तर आलं. म्हाताऱ्यासाठी तुमचं नुकसान नको."

कुणी काही बोलेना. सरांनीही मान खाली घातली, कारण त्यांची मोटारसायकल त्या पैशांत अडकली होती. तेव्हा भाचीने वही उघडली आणि पहिलं पान सगळ्यांसमोर ठेवलं. तिसरा नियम! आम्ही थांबलो. आठव्या दिवशी काकांचा पासपोर्ट आला. त्याच संध्याकाळी तिकिटं काढली, माणशी ६६,००० ला. थांबण्याची किंमत पडली माणशी ४,००० रुपये. भाचीने ती वहीत लिहिली आणि पुढे कंसात लिहिलं, 'काकांसह'.

थेट विमानाला मुंबई ते लंडन दहा तासांच्या आसपास लागतात. आखाती देशात एक थांबा घेतला तर जास्त वेळ जातो, पण भाडं बहुधा कमी पडतं. आम्ही थांब्याचं विमान घेतलं. वेळ आमच्याकडे होता, पैसे मोजके होते.

मुक्काम वसतिगृहात, जेवण भाजणीचं

लंडनमध्ये हॉटेलं फार महाग. पण एक युक्ती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या विद्यापीठांची विद्यार्थी वसतिगृहं रिकामी होतात आणि खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. खोल्या साध्या, पण स्वच्छ. शिवाय सामाईक स्वयंपाकघर! आम्ही रसेल स्क्वेअरजवळचं वसतिगृह निवडलं. माणशी रात्रीचे ४० पौंड पडले.

रसेल स्क्वेअरच का? भाचीने लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा वहीत काढला होता. त्यात गडद निळ्या रंगाची एक रेघ आहे, पिकॅडिली लाइन. हीथ्रो विमानतळ, अल्बर्ट हॉलच्या जवळचं साउथ केन्सिंग्टन आणि रसेल स्क्वेअर, तिन्ही स्थानकं याच एका रेघेवर! म्हणजे सामान घेऊन कुठेही गाडी बदलायला नको. मुलांनो, नकाशा वाचता येणं म्हणजे पैसे वाचवता येणं.

आणखी एक सोय कळली. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना तिथे प्रवासात सवलत मिळते. स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला सांगून ऑयस्टर कार्डावर ती घालून घ्यायची, की चौदा दिवसांपर्यंत मोठ्यांच्या निम्म्या दरात फिरता येतं. बसमध्ये मात्र रोख पैसे चालत नाहीत. कार्डच लागतं.

सामानात आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली. पेढे आणि तूप काकूंनी बांधून दिलं होतं, ते सरांनी काढून ठेवायला लावलं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत, तसा नियम आहे. पेढे आम्ही मिरज स्टेशनवरच फस्त केले.

फुकट, पण लाखमोलाचं

बुधवारी २६ जुलैला संध्याकाळी पोचलो. रात्रीचे पावणेनऊ वाजले तरी बाहेर उजेड! भाचीला तर झोपायचंच नव्हतं.

गुरुवार मोकळा होता. साउथ केन्सिंग्टनला उतरून एक्झिबिशन रोडने चालत अल्बर्ट हॉलकडे निघालं की वाटेत तीन मोठी संग्रहालयं लागतात, आणि तिन्हींना प्रवेश फुकट! नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या मोठ्या दालनात छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. लांबी सुमारे २५ मीटर. सायन्स म्यूझियममध्ये चंद्राभोवती फिरून आलेलं अपोलो १० चं यान आहे. आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे टिपू सुलतानाचा लाकडी वाघ. तो एका गोऱ्या शिपायावर झडप घालतोय आणि त्याच्या पोटात चक्क एक बाजा बसवलेला आहे! १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला. पेटीवाले काका त्याच्यासमोरून हलेनात. "वाघाच्या पोटात पेटी!" असं म्हणून ते पुन्हा पुन्हा वाकून पाहत होते. भाची मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, हा वाघ आपला ना? मग इथे का?" याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. तुम्हीही वर्गात यावर बोला.

एक्झिबिशन रोडच्या या सगळ्या परिसराची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. १८५१ मध्ये लंडनला जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यातून जो नफा झाला त्यातून ही जमीन घेतली गेली, विद्या आणि कला लोकांपर्यंत पोचाव्यात म्हणून. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांची ती कल्पना. १८६१ मध्ये ते वारले. १८७१ च्या मार्चमध्ये उघडलेल्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. समोरच्या बागेत त्यांचं सोनेरी स्मारक आहे. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांची शिल्पं आहेत. आशिया खंड कसा ओळखायचा? हत्तीवरून!

शुक्रवारची सकाळ

आता खरा प्रश्न. मैफलीची तिकिटं होती का? थोडी होती आणि थोडी नव्हती!

खुर्चीची तिकिटं मे महिन्यापासून विकली जातात. काका तेव्हा ६८ वर्षांचे. त्यांच्यासाठी आणि ताईसाठी आम्ही वरच्या मजल्यावरची, दर कमी असलेली दोन तिकिटं आधीच घेतली होती. उरलेल्या तिघांनी उभं राहायचं होतं. पण उभ्याची तिकिटं मैफलीच्या दिवशी सकाळीच विक्रीला येतात. म्हणजे सात समुद्र ओलांडून आलो आणि तिघांच्या हातात तिकीट नाही!

हा धोका आम्ही जाणूनबुजून घेतला होता. तिकिटं नाहीच मिळाली तर काय, तेही वहीत लिहिलेलं होतं. प्रॉम्सची प्रत्येक मैफल बीबीसीच्या रेडिओ ३ वरून थेट प्रसारित होते. तिघांनी सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून ती ऐकायची आणि मैफल संपल्यावर काका-ताईंना घ्यायचं. रडायचं नाही. शेवटचे दोन शब्द भाचीचे होते.

सकाळी नाश्ता कुणाच्या घशाखाली उतरला नाही. सर एका फोनवर, मी दुसऱ्या. विक्री सुरू झाली आणि पडद्यावर आकडा आला, तुमच्यापुढे इतकी माणसं आहेत, थांबा. आकडा कमी होत होता, पण गोगलगायीच्या चालीने. भाची खिडकीपाशी पाठ करून उभी. तिच्याने बघवेना. अखेर सरांच्या फोनवर पान उघडलं. तीन! तीन तिकिटं! सरांनी टेबलावरच तिहाई वाजवली आणि वसतिगृहातला एक जपानी विद्यार्थी दचकून पाहायला लागला.

रांगेतली माणसं

तिकीट मिळालं म्हणजे पुढची जागा मिळाली असं नाही. ती रांगेने मिळते. जो आधी येईल तो पुढे. पैशाने पुढची जागा विकतच घेता येत नाही, ही मला त्या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पायांना त्रास द्या आणि पुढे उभे राहा!

आम्ही दुपारीच पोचलो. रांगेत एक वेगळंच गाव वसलेलं. कुणी घडीची स्टुलं आणलेली, कुणी पुस्तक वाचतंय, कुणी सँडविच खातंय. काही जण वर्षानुवर्षं दर उन्हाळ्याला येणारे. त्यांना म्हणतात प्रॉमर्स. त्यांचे स्वतःचे रिवाज आहेत. पियानोचं जड झाकण उघडताना अरीनातले लोक एका सुरात "हीव्ह!" ओरडतात आणि वरच्या गॅलरीतले उत्तर देतात, "हो!" आपल्याकडे रथ ओढताना किंवा जड खांब उचलताना ओरडतात ना, तसंच. हे प्रॉमर्स हंगामभर बादल्या घेऊन दाराशी उभे राहतात आणि संगीतविषयक संस्थांसाठी देणग्या गोळा करतात. स्वस्तात ऐकायला मिळतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी संगीत मिळावं, हा विचार.

त्या दिवशी रांगेत आपली माणसं पुष्कळ होती. लेस्टर, साउथॉल, बर्मिंगहॅम अशा ठिकाणांहून आलेली. गुजराती, पंजाबी, तमिळ, आणि मराठीही. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, हे मला तिथे कळलं. आमच्यापुढे एक आजी होत्या. मूळच्या पुण्याच्या. त्यांनी भाचीला विचारलं, "कुठून आलीस गं, बाळ?"

"सांगलीहून."

"इथे कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. लतादीदींसाठी आलोय."

आजी क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "१९७४ साली मी आले होते इथे. नवीन लग्न झालेलं, हातात पैसे नसायचे. वर, अगदी शेवटच्या रांगेत होते. लतादीदी मुठीएवढ्या दिसत होत्या. तेव्हाच ठरवलं होतं, कधीतरी या सभागृहात पुढे उभं राहून ऐकायचं. आता मुलगा म्हणतो, आई, खुर्चीचं तिकीट काढतो. म्हटलं, नको. पुढे उभं राहायचं ते राहिलंय."

आपल्या देशाचं संगीत प्रॉम्समध्ये पहिल्यांदाच होत होतं असं नाही बरं का. १९७१ मध्येच उस्ताद इम्रत खाँ यांचं वादन तिथे झालं होतं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "सतार कुठली होती? मिरजेची का?" मिरजेत भोपळ्यापासून सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या आहेत. त्यामुळे काकांचा प्रश्न काही वावगा नव्हता!

आत गेल्यावर

दार उघडलं आणि आम्ही आत गेलो. वर पाहिलं तर अवाढव्य घुमट, काचेचा आणि लोखंडाचा. छतापासून मोठमोठ्या तबकड्या लोंबकळताहेत, जणू उलटे टांगलेले मश्रूम. त्यांना म्हणतातही मश्रूमच! या सभागृहात पूर्वी आवाज इतका घुमायचा की एकच स्वर दोनदा ऐकू यायचा. म्हणून १९६९ मध्ये त्या बसवल्या. मंचामागे ९,९९९ नळ्यांचा प्रचंड ऑर्गन. आणि त्याच्यापुढे हेन्री वुड यांचा अर्धपुतळा, दरवर्षी हंगामापुरता आणून ठेवलेला. तो २६ वर्षांचा तरुण जवळजवळ पन्नास उन्हाळे या मैफली चालवत राहिला. १९४४ मध्ये वारला, पण अजून आपल्या जागी हजर!

आम्ही मंचापासून सहा-सात हातांवर होतो. भाचीच्या पुढे फक्त त्या आजी. दिवे मंद झाले. व्हायोलिनं एकदम उठली आणि लहानपणापासून ज्या चाली आपण स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकल्या त्या एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातून येऊ लागल्या. आजूबाजूचे गोरे प्रॉमर्स शांत उभे राहून ऐकत होते. आपली माणसं हळूच गुणगुणत होती. आजींच्या हातात काठी होती, पण त्या काठीवर टेकल्या नाहीत.

मी मागे वळून वर पाहिलं. एवढ्या गर्दीत काका दिसणं शक्यच नव्हतं. पण ताईने नंतर सांगितलं, की ते पूर्ण वेळ मांडीवर बोटांनी पेटी वाजवत होते.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "सभागृह पाहिलं. पण तुम्ही मला वर बसवलंत. उद्या मी खाली उभा राहणार."

"काका, दोन तास?"

"मिरजेच्या दर्ग्यात रात्र रात्र गाणं ऐकलंय मी. दोन तासांनी काय होतंय?"

शनिवारी पाश्चात्त्य संगीताची मैफल होती. काका अरीनात कठड्याला धरून उभे राहिले, शेवटपर्यंत. त्यातलं आम्हा कुणाला फारसं समजलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण साठ-सत्तर वादक एका माणसाच्या हाताकडे बघत एकच श्वास घेतात, हे अगदी जवळून दिसलं. ८ पौंडांत!

वहीचं शेवटचं पान

परत आल्यावर भाचीने हिशेब मांडला. तेव्हा एक पौंड म्हणजे सुमारे १०५ रुपये होते. माणशी खर्च असा: विमान ६६,०००. व्हिसा १०,५००. पाच रात्रींचा मुक्काम २१,०००. लंडनमधला प्रवास ५,२५०. जेवणखाण ९,४५०. मैफलींची तिकिटं सरासरी २,६२५. सांगली ते पुणे-मुंबई येणं-जाणं ५,०००. विमा १,५००. बेरीज तुम्हीच करा. भाचीची आली १,२१,३२५. आता व्हिसाची फी वाढली आहे आणि पौंडही महागला आहे, म्हणून आज निघणाऱ्यांनी नवे आकडे घालून पुन्हा मांडणी करावी. रीत तीच.

या बेरजेत एक गोष्ट बघा. सगळ्यात लहान आकडे कोणते? विमा सोडला तर मैफलीची तिकिटं! गाणं स्वस्तच आहे. महाग आहे ते तिथपर्यंत पोचणं. मग जे गाणं आपल्या जवळ आहे ते आपण का सोडावं? मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात दरवर्षी मैफल होते. त्यांचेच शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या नावाचा महोत्सव पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केला आणि तिथेही खाली बसून ऐकणाऱ्यांची वेगळी बैठक असते. पणजीला सूरश्री केसरबाई केरकर संमेलन भरतं. या ठिकाणी जायला व्हिसा लागत नाही.

तेव्हा मुलांनो, या सुट्टीत एक वही घ्या. कुणाचं गाणं ऐकायचंय, किंवा कोणता सामना, कोणतं संग्रहालय बघायचंय ते लिहा. सोबत कोण येणार ते लिहा. नकाशा काढा. भाडं विचारून घ्या. तिकीट नाही मिळालं तर काय करायचं तेही लिहा. मग ते पान आई-बाबांना दाखवा. नुसतं "मला जायचंय" म्हणण्यापेक्षा मांडलेला हिशेब मोठी माणसं जास्त लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आणि हो, लंडनला निघालात तर पेढे मात्र स्टेशनवरच संपवा!